खुद्री : येरवड्याच्या नदीने जगाला दिलेला आणि स्वतः हरवलेला मासा

१/ आजचा धागा एका माशाविषयी आहे. या पानावर आपण किल्ले, ताम्रपट, लढाया आणि वाडे यांविषयी बोलतो. मासा इतिहासात क्वचितच येतो, कारण तो शिलालेख कोरत नाही आणि बखरीत त्याचे नाव पडत नाही. तरीही पुण्याच्या नदीतील एका माशाचा गेल्या दोनशे वर्षांचा लेखी पुरावा आपल्याजवळ आहे. तो वाचला की शहराचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो. माझे बालपण येरवड्यात गेले आणि मी आजही तिथेच राहतो. त्यामुळे हा विषय मला अगदी घरचा आहे.

२/ आधी भूगोल. मुळा आणि मुठा या दोन नद्या संगमापाशी एकत्र येतात आणि तिथून पुढे मुळा-मुठा या जोडनावाने पूर्वेकडे वाहू लागतात. संगमाच्या खाली डाव्या काठावर येरवडा लागते. समोरच्या काठावर बंडगार्डन आहे. पुढे कल्याणीनगर, मुंढवा, मांजरी अशी वळणे घेत नदी भीमेला मिळते. जुन्या पुण्याच्या दृष्टीने येरवडा म्हणजे नदीपलीकडचे गाव, आणि पुण्यात पूर्वेकडून येणाऱ्याला ओलांडावा लागणारा उतार.

३/ हा उतार इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्यानंतर जनरल स्मिथची फौज शिरूरकडून आली आणि १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या उताराशी पेशव्यांच्या फौजेशी तिची झुंज झाली. त्या रात्री दुसऱ्या बाजीरावाने छावणी सोडली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या मोहिमेत कंपनी सरकारच्या सैन्यातला एक तरुण अधिकारी होता, विल्यम हेन्री साईक्स. आपल्या माशाची कथा त्याच्यापासून सुरू होते.

४/ १८२४ साली मुंबई सरकारने साईक्सची नेमणूक दख्खनचा सांख्यिकी अधिकारी म्हणून केली. पुढची काही वर्षे तो गावोगाव हिंडला. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान या सरकारी कामाच्या जोडीने त्याने पक्षी, प्राणी आणि मासे यांचीही नोंद ठेवली. महसूल वसूल करू पाहणाऱ्या राज्याला प्रदेश मोजून हवा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. पण मोजता मोजता या माणसाने जे लिहून ठेवले, ते आज आपल्या नद्यांचे जन्मदाखले ठरले आहेत.

५/ दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला आणि १८३९ मध्ये छापून आला. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत. त्यांतील बहुतेकांना तोवर शास्त्रीय नाव नव्हते. त्यांपैकी एकाला त्याने नाव दिले ‘बार्बस खुद्री’. स्थान लिहिले : ‘मोता मोला’ नदी, पुण्याच्या पूर्वेस. ‘मोता मोला’ म्हणजे आपली मुळा-मुठा. पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा म्हणजे येरवडा आणि त्याखालचा पट्टा.

६/ हाच मासा आज ‘टोर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. त्याला आपण दख्खनी महासीर म्हणतो. मोठमोठे खवले, ओठांशी मिशा, निळसर झाक असलेले पर आणि प्रवाहाविरुद्ध चढण्याची विलक्षण ताकद ही त्याची ओळख. शास्त्राच्या भाषेत ज्या जागेच्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे पहिले वर्णन होते, ती त्या जातीची मूळ नोंदीची जागा. म्हणजे जगात कुठेही कुणी दख्खनी महासीराचा अभ्यास करू लागला, तरी त्याच्या कागदपत्रांचा पहिला पत्ता आपल्या नदीचा असतो.

७/ साईक्सच्या यादीतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याने माशांची नावे पुष्कळदा स्थानिक लोकांच्या तोंडून घेतली आणि तशीच लॅटिन वेशात बसवली. सीनगाला, गोग्रा, कोलस, नुक्ता, पोटैल, मूरेह, खुद्री. शिंगाळा आणि घोगरा ही नावे मासळीबाजारात आजही ऐकू येतात. नदीकाठच्या ज्या माणसांनी ती नावे सांगितली, त्यांची नावे निबंधात नाहीत. पण त्यांचे शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चिकटलेले आहेत.

८/ तुलनेसाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहू. १८३८ सालीच तिथल्या मेजर मिचेल या भूमापन अधिकाऱ्याने गोड्या पाण्यातील एका मोठ्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पील नदीवरून त्याचे जातिनाम पडले, आणि ती नदी एका इंग्रज मुत्सद्द्याच्या नावाची. बोलीभाषेत युरोपीय वसाहतकऱ्यांनी त्याला ‘मरे कॉड’ म्हटले. समुद्रातल्या कॉडशी त्याचे काही नाते नाही. आपल्या ओळखीच्या माशाचे नाव त्यांनी परक्या माशाला देऊन टाकले. एकाच काळातले दोन लष्करी मोजणीदार. एकाने नदीला आपले शब्द दिले, दुसऱ्याने नदीकाठचे शब्द उचलले. दोघेही एकाच साम्राज्याचे चाकर होते, तरी नोंद करण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो हे यातून दिसते.

९/ आता माझ्या ओळखीच्या नदीकडे येतो. मला गळ टाकायला शिकवले ते आमच्या वस्तीतल्या एका मामांनी. ते जातीने भोई. भोई म्हणजे पालखी वाहणारे एवढेच आपण पुस्तकात वाचतो, पण नाव चालवणे आणि मासे धरणे हाही त्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा व्यवसाय. मामांकडे महागडा रॉड कधीच नव्हता. बांबूची काठी, दोरी, गळ, बुडाशी शिशाचा तुकडा आणि आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. दोरीला हात लावून तळाशी वाळू आहे, खडक आहे की गाळ आहे, हे ते सांगत. मला त्या वयात ती जादू वाटे.

१०/ एकदा मी त्यांना महासीराविषयी विचारले. मामा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाळा, आमच्या म्हाताऱ्यानं धरलेला. हाताएवढा खवला असायचा म्हणं. म्या न्हाई पाह्यला हितं. आता गळाला लागती ती चिलापी. ती काय ह्या नदीची लेक न्हवं, पाहुणी हाय. पर पाहुणीनंच घर धरलंय.” खवल्याच्या मापात आठवणीने थोडी भर घातली असेल. पण एका पिढीने पाहिले आणि दुसऱ्या पिढीने पाहिले नाही, एवढी साक्ष मला पुरेशी वाटली.

११/ चिलापी म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. प्राणवायू कमी असलेल्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही तो तग धरतो आणि वर्षातून अनेकदा वितो. त्याच्या जोडीला आफ्रिकी मागूर आहे, ज्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे. शोभेच्या टाक्यांतून सुटलेला, दगडाला चिकटून बसणारा सकर मासाही आहे. आज शहरातल्या पट्ट्यात गळ टाकणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा हीच मंडळी असतात. मधूनच एखादी मरळ किंवा वाम लागली, तर काठावरची चार माणसे पाहायला जमतात.

१२/ महासीर कसा गेला? याला एकच गुन्हेगार नाही. या माशाला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. म्हणजे त्याला केवळ डोह पुरत नाही. खालपासून वरपर्यंत मोकळी नदी हवी. पुण्याच्या नदीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा ती नदी टप्प्याटप्प्याने अडवण्याचा इतिहास आहे.

१३/ १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्यासमोर बंधारा झाला. त्यावरूनच ‘बंडगार्डन’ हे नाव पडले. हेतू लोकांना पाणी मिळावे हा होता, आणि त्या काळी ते मोठे पुण्यकर्म होते. १८६० च्या दशकात त्याच्या शेजारी फिट्झगेराल्ड पूल उभा राहिला. १८७९ च्या सुमारास मुठेवर खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. मुळेवर मुळशीचे धरण १९२० च्या दशकात झाले. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. मुळशीचे बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात जाते. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना. प्रत्येक धरणामागे तहान, शेती किंवा वीज अशी खरी गरज होती. पण माशाच्या दृष्टीने प्रत्येक भिंत ही बंद झालेली एक वाट होती.

१४/ १९४२ साली ए. जी. एल. फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर सविस्तर लिहिले. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नदीच्या याच काठावर, आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते. देशाच्या इतिहासातले ते पान आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच वर्षी त्याच नदीतल्या माशांची गणती होत होती, हे मात्र कुणी सांगत नाही. साईक्सनंतर शंभर वर्षांनी झालेली ही नोंद पुढच्या संशोधकांना तुलनेसाठी फार उपयोगी पडली. २००३ साली पुण्यातल्याच अभ्यासकांनी मुळा-मुठेच्या माशांच्या नव्या याद्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा जुन्या याद्यांशेजारी त्या ठेवून देशी जातींची पीछेहाट दाखवता आली.

१५/ या काळात शहर वाढत होते आणि त्याचे सांडपाणी नदीत येत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते. मुळा-मुठा त्यांत आहेच. पहिल्या जोरदार पावसात गटारांत साचलेले सारे एकदम पात्रात येते, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो आणि मासे पोट वर करून तरंगू लागतात. मृगाच्या पहिल्या सरीचा वास कवितेत गोड असतो. पुलावर उभे राहिल्यास तो वेगळा असतो.

१६/ मात्र खुद्री पृथ्वीवरून नाहीसा झाला नाही. त्याला दोन प्रकारच्या माणसांनी सांभाळले. पहिले म्हणजे देवाच्या नावाने डोह राखणारे. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात वरदायिनीच्या आश्रयाने महासीर निर्धास्त फिरतात. तिथे गळ टाकण्याची कुणाची छाती होत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही असेच श्रद्धेने राखलेले. सरकारी अभयारण्ये निर्माण होण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे पाण्यातली अभयारण्ये होती, हे या पानाच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे.

१७/ दुसरे म्हणजे लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या वीज कंपनीचे मत्स्यबीज केंद्र. १९७० च्या दशकापासून तिथे महासीराची अंडी कृत्रिम रीतीने फळवून लाखो पिल्ले वाढवली गेली. ज्या कंपनीच्या धरणांनी नद्या अडल्या, तिनेच हा मासा जगवण्याचे काम हाती घेतले. इतिहासात खलनायक आणि नायक असे दोन डबे करून माणसे भरता येत नाहीत, ती अशा ठिकाणी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत पूर्वी ‘संकटग्रस्त’ असलेला खुद्री आज तितक्या चिंतेचा राहिलेला नाही.

१८/ गोष्ट इथे संपली असती तर सुखान्त झाली असती. पण लोणावळ्याची पिल्ले अनेक राज्यांत गेली आणि कावेरीच्या खोऱ्यातही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, अजस्र. हौशी गळकऱ्यांच्या नोंदवह्यांतील १९९८ ते २०१२ या काळातल्या आकड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा चित्र उघड झाले : निळ्या परांचा पाहुणा, म्हणजे आपला खुद्री, वाढत होता आणि घरचा मालक मागे हटत होता.

१९/ आणि त्या मालकाला धड नावही नव्हते. कित्येक वर्षे लोक त्याला ‘मुसुल्ला’ म्हणत. ते नावही साईक्सच्याच निबंधातले, पण घोड नदीतल्या एका निराळ्याच माशाचे. ‘मुसुल्ला’ हा महासीरच नव्हे, हे २०१३ साली स्पष्ट झाले. २०१८ साली कावेरीच्या त्या माशाचे खरे शास्त्रीय नाव, ‘टोर रेमादेवी’, निश्चित झाले आणि तो अतिसंकटग्रस्त असल्याचेही जाहीर झाले. पुणे जिल्ह्यातून गेलेल्या एका नावाने त्याची ओळख झाकली होती आणि पुण्याच्या नदीवरून वर्णिलेल्या एका माशाने त्याची जागा घेतली होती. मामांचे वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आले. पाहुणा या वेळी आपल्या घरचा होता, इतकेच.

२०/ हे सारे सांगण्याचे कारण ताजे आहे. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या तरुण मंडळींनी वर्गणी काढून महासीराची पिल्ले विकत आणण्याचे आणि बंधाऱ्यापाशी समारंभाने नदीत सोडण्याचे ठरवले. भावना निर्मळ होती : साईक्सचा मासा त्याच्या गावी परत यावा. इतिहासाचा नाद असलेला म्हणून मी प्रमुख वक्ता व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मी बैठकीत उठून नको म्हणालो. माझा जवळचा मित्र रागावला. “तू नुसती पुस्तकं वाच. आम्ही निदान काहीतरी करतोय,” असे तो सर्वांसमोर म्हणाला. आमचे बोलणे काही आठवडे बंद होते.

२१/ माझे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. एक, ज्या पाण्यात पहिल्या पावसाला चिलापीसुद्धा मरते, तिथे महासीराची बोटभर पिल्ले सोडणे म्हणजे टाळ्यांच्या गजरात त्यांना मरणाच्या दारी नेणे. दोन, ही पिल्ले नेमकी कुठल्या नदीच्या वाणाची आहेत, वरच्या भागात टिकून असलेल्या माशांशी त्यांचा संकर झाला तर काय, याची माहिती घेतल्याशिवाय मासा सोडू नये. कावेरीचा धडा आपल्याच घरातून गेलेला आहे. तीन, मासा हा नदीचा परिणाम आहे. कारण दुरुस्त न करता परिणाम आणून ठेवता येत नाही.

२२/ त्या बैठकीत उत्तर मामांकडून आले. ते मागे उकिडवे बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, “सोडायचं ते सोडा. पर आत्ता नदीत काय काय हाय, ते ठावं हाय का कुणाला?” कुणालाच माहीत नव्हते. साईक्सची यादी मला पाठ होती, पण आज येरवड्याच्या काठावर गळाला काय लागते याची यादी कुणाकडेच नव्हती. त्या प्रश्नानंतर सभा बराच वेळ शांत होती.

२३/ समारंभ पुढे ढकलला गेला, रद्द झाला असे कुणी म्हटले नाही. वर्गणीतून मात्र एक जाड वही आली. संगम ते कल्याणीनगर या पट्ट्यात जो कुणी गळ किंवा जाळे टाकतो, त्याला विचारून नोंद करायची : तारीख, जागा, माशाचे स्थानिक नाव, लांबी, पाण्याचा रंग आणि वास. शक्य तिथे मोबाइलवर छायाचित्र. कावेरीच्या गळकऱ्यांच्या वह्यांनी जे दाखवले, ते आपली वहीही कधीतरी दाखवील, ही आशा. रागावलेला माझा मित्रच आज ती वही सांभाळतो. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

२४/ वहीत आजवर महासीर नाही. चिलापी पानोपानी आहे. सकर आहे. मरळ आहे, वाम आहे. जाळ्यात आलेल्या एका शिंगाळ्याची नोंद आहे. त्या पानावर मामांनी अंगठ्याने मासळीचा वास ठेवून दिला आहे. साईक्सने लिहिलेला एक शब्द दोनशे वर्षांनी त्याच नदीकाठी पुन्हा लिहिला गेला, आणि या वेळी सांगणाऱ्याचे नावही शेजारी लिहिले गेले. माझ्या लेखी हा बदल लहान नाही.

२५/ नदीकाठी सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. ४४ किलोमीटर काठाच्या विकासाच्या प्रकल्पाची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली आणि संगम ते बंडगार्डन हा त्यातला सुरुवातीचा टप्पा. दुसरीकडे जपानी कर्जाच्या मदतीने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचे काम आहे. काठावरच्या फरसबंदीविषयी पुण्यात पुष्कळ वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. माशाच्या बाजूने पाहिले तर कसोटी अगदी साधी आहे : पाणी वाहते का, त्यात प्राणवायू आहे का, तळाशी गोटे आहेत की गाळ, आणि वरची वाट उघडी आहे का. या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली, तर मासा आणायला वर्गणी लागणार नाही. वरच्या डोंगरी पाण्यात तग धरून असलेले मासे पुरासोबत आपणहून खाली उतरतील.

२६/ तरुण वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या नदीची अशी वही सुरू करा. जुने गॅझेटियर वाचा, पण भोई-कोळ्यांच्या घरीही जाऊन बसा. माशाला ते काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहा, आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नावही लिहा. लढायांच्या तारखा कुठल्याही ग्रंथालयात सापडतात. नदीत आज काय आहे, हे मात्र आज लिहिले नाही तर उद्या कुणालाच सापडणार नाही. साईक्सने ते परक्या राज्यासाठी केले. आपण ते आपल्या नदीसाठी करू शकतो.

२७/ तुमच्या भागात महासीराला, मरळीला किंवा वामीला कुठली नावे आहेत, ती खाली अवश्य कळवा. जिल्हा, तालुका आणि नदीचे नाव लिहायला विसरू नका. धागा समाप्त.